डाव्या बाजूची पट्टी

विठूच्या पिकअपची डाव्या बाजूची पट्टी मी माझ्या पडवीत दोन बाकांवर आडवी ठेवली, तेव्हा ती किती हलकी आहे ते मला पहिल्यांदा कळलं. साडेसहा फूट लांब, चार बोटं रुंद, ॲल्युमिनियमची. एका हातात येते. एकोणीस वर्षं मी तिच्याकडे पाहायचं टाळलं होतं. टाळलेली गोष्ट मनात जड होत जाते, त्यामुळे मला ती हलकी असेल असं वाटलंच नव्हतं.

विठू माझा शेजारी. आमोण्याच्या अलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमच्या दोघांच्या घरांना मिळून एकच कुंपण आहे. रोज चारच्या चहाला मला पलीकडून हाक यायची. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो गाडीवर गेला आणि मी वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, वाचनालयात ग्रंथपाल झालो. एकतीस वर्षं मी तिथे पुस्तकांना कव्हरं घातली आणि वर्तमानपत्रं काठीला लावली. त्यापलीकडे माझ्या हातून फारसं काही झालं नाही. विठूनं पांढरी पिकअप घेतली तेव्हा तिच्या हौद्याच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पट्ट्या बसवून घेतल्या. रोज सकाळी तो काच पुसायच्या आधी पट्ट्या पुसायचा. मी त्याला म्हणायचो की समोरचं दिसलं नाही तर पट्टी चमकून काय उपयोग. तो म्हणायचा की तुझी पुस्तकं तरी कोण वाचतं, तू धूळ झाडतोसच ना.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात विठू झोपेतच गेला. पिकअप चौदा महिने माडांच्या झावळ्यांखाली उभी राहिली. या कार्तिकात त्याची मुलगी गौरवी हिनं ती बाहेर काढायचं ठरवलं. तिची रोपवाटिका आहे. जायफळाची, सुपारीची रोपं दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्यायला तिला गाडी हवीच होती. पण रोपांसाठी पट्ट्या चमकवायची गरज नव्हती. पट्ट्या चमकवायच्या होत्या त्या जत्रेसाठी.

पौषातल्या जत्रेत देवीची पालखी वाड्याच्या सीमेवरून फिरते आणि पालखीपुढे नगारा जातो. पूर्वी तो दोघं जण खांद्यावरून नेत. विठूची पिकअप आल्यावर कुणीतरी नगारा तिच्यात ठेवला, झेंडूच्या माळा लावल्या, आणि सात वर्षं तसंच चाललं. आमच्याकडे सात वर्षं चाललेल्या गोष्टीला मान म्हणतात. विठू त्या दिवशी नवा सदरा घालून इतकी हळू गाडी चालवायचा की पोरं चालत पुढे जायची.

मग तो मान गेला. कसा गेला ते वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं.

वाचनालयासमोर राखणदाराची घुमटी आहे. जांभ्या दगडाची, चुना लावलेली, माणसाच्या कमरेएवढी. पुढच्या अंगाला दिवा ठेवायचा कोनाडा. राखणदार म्हणजे सीमा राखणारा. गावातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं तर त्याच्यासमोर थांबून नारळ किंवा निदान एक विडी ठेवून जातो. २००६च्या डिसेंबरात एका सकाळी कोनाड्यावरचा दगड निखळून खाली पडलेला दिसला. आतल्या दगडी दिवलीचे दोन तुकडे झाले होते.

गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, देवळात प्रसाद घेतला, म्हणजे देवीचा कौल. देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहतात. हे बाहेरच्याचं काम की आपल्यातल्याचं, असा प्रश्न होता. उजवी पाकळी पडली. आपल्यातल्याचं. मी मागे खांबाला टेकून उभा होतो. अशा गोष्टी मी फारशा मानत नाही, असा तोपर्यंत माझा समज होता.

विठू पुढे झाला. पट्टीवर ओरखडा आहे आणि ओरखड्यात चुना आहे, असं त्यानं स्वतःच सांगितलं. पहाटे धुक्यात नारळ भरून गाडी मागे घेतली, तेव्हा लागली असणार, इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. कुणी त्याला रागावलं नाही. त्यानं स्वतः गवंडी आणला, घुमटी नीट केली, नवी दिवली घडवून घेतली. आणि त्यानंच सांगितलं की ज्या गाडीनं राखणदाराचा दिवा फोडला तिच्यात देवीचा नगारा नको. त्या वर्षापासून नगारा दुसऱ्याच्या टेंपोतून जाऊ लागला. विठू पालखीच्या मागे, अगदी शेवटी, हात जोडून चालायचा. मी त्याच्या बरोबर चालायचो.

विठूनं काही फोडलं नव्हतं. मी फोडलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी विठू गाडी वाचनालयासमोर लावून बसनं म्हापशाला गेला होता. किल्ली माझ्या टेबलामागच्या खिळ्याला होती. नेहमीच असायची. त्याच्या महिनाभर आधी दोन रविवारी त्यानं मला खाणीच्या रस्त्यावर गाडी शिकवली होती. रविवारी मातीचे ट्रक बंद असायचे, लाल रस्ता रिकामा असायचा. ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नव्हती. त्रेपन्न वर्षांचा माणूस, सायकलही धड न येणारा, गाडी शिकतोय हे कळलं असतं तर वाड्यावर आठवडाभर तोच विषय झाला असता. त्या दुपारी गाडी उन्हात होती आणि घुमटीच्या पलीकडे फणसाची सावली होती. विठू परत येऊन बघेल तर गाडी सावलीत, आणि मी काही न बोलता पेपर वाचत बसलेला. एवढीच माझी हौस होती. तीस पावलांची.

गाडी पुढे गेली आणि घुमटी डाव्या बाजूला आली. मी आरशात पाहिलं नाही. आरसा असतो हेच मला आठवलं नाही. कर्र असा लांब आवाज आला आणि मग काहीतरी पडलं. मी गाडी तशीच मागे घेतली, होती तिथे लावली, पट्टीवरचा चुना रुमालानं पुसला. सगळा निघाला नाही. किल्ली खिळ्याला लावली आणि पेपर उघडून बसलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. विठू आला, किल्ली घेतली, घाईत होता. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तो पहाटेच गेला. मग देवळात तो माझ्याआधी बोलला. तो बोलल्यावर मी चाळीस माणसांसमोर उठून ‘नाही, मी’ असं म्हणायला हवं होतं. मी वाचनालयाच्या वार्षिक सभेत अहवालसुद्धा कधी उभं राहून वाचलेला नाही, छापून वाटायचो. उद्या एकट्यात सांगेन म्हटलं. पहिल्या दिवशी लाज होती. महिन्यानं ती दुप्पट झाली, कारण आता महिनाभर का गप्प होतास हेही सांगावं लागलं असतं. अशी ती वाढत गेली. मग विठू गेला.

गाडी डिचोलीला परशुरामच्या गॅरेजमध्ये नेली तेव्हा गौरवी आणि तिची आई देवकीवहिनी यांच्याबरोबर मीही गेलो. परशुराम बेळगावकडचा, पंधरा-वीस वर्षं डिचोलीत डेंटिंगचं काम करतो. त्यानं रिव्हेटा ड्रिलनं उडवून दोन्ही पट्ट्या काढल्या. खाणीची लाल धूळ आणि नदीवरचा दमट वारा यांनी त्या पांढुरक्या, मिठाच्या डागांसारख्या झाल्या होत्या. तो म्हणाला की या धातूवर कारखान्यातच एक पापुद्रा चढवलेला असतो. तो काढल्याशिवाय कितीही घासलं तरी झळाळी यायची नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं तो पापुद्रा काढायचा, मग पाण्यातला पॉलिश पेपर आधी जाड आणि मग बारीक, मग बफचं फिरतं कापडी चाक, आणि शेवटी वरून लॅकरचा थर. नवी पट्टी घेतली तर अर्ध्या दिवसात काम होईल. देवकीवहिनी म्हणाल्या की नवी नको, हे हीच पुसायचे.

डावी पट्टी उजेडाला धरून परशुरामनं ओरखड्यावरून अंगठा फिरवला. हातभर लांबीचा ओरखडा, मध्ये खोल.

“हे बघा काकू,” तो म्हणाला. “मागच्या टोकाला कसं गोळा झालंय. लोण्यातनं बोट ओढल्यावर जिकडं ओढाल तिकडंच गोळा हुतंय ना? गाडी पुढं जाताना लागलंय हे.”

देवकीवहिनींनी वाकून पाहिलं. “हे तर मागे घेताना लागला म्हणायचे.”

“मागं घेताना लागलं असतं तर गोळा पुढच्या टोकाला आला असता. दुसरीकडं कुठंतरी लागलं असंल.”

वहिनींनी पट्टी त्याच्याकडून घेतली आणि हातातून सोडली नाही. मी माझा आवाज ऐकला. डावी पट्टी मी करतो, मला वेळच वेळ आहे, उजवी तुमच्याकडे राहू दे, असं मी म्हणत होतो. परशुरामला बरंच वाटलं. त्याच्या दारात तीन गाड्या उभ्या होत्या. त्यानं पेपरचे तुकडे, कानस आणि हातमोजे कागदात बांधून दिले आणि सोड्याचं पाणी डोळ्यांत उडू देऊ नका असं दोनदा बजावलं. गौरवी म्हणाली की काका तुम्ही होता म्हणून. ती वाक्य पूर्ण करत नाही, तिचा बापही करत नसे.

कुठलंही काम आधी वाचल्याशिवाय करायचं नाही ही माझी खोड. वाचनालयात धातूंवरचं एक जुनं पुस्तक होतं, ते आणलं. सोड्याच्या पाण्यात पट्टी ठेवली की बारीक बुडबुडे येतात आणि पापुद्रा सुटतो, मग ती काळपट होते. पुस्तकात तसंच लिहिलं होतं आणि तसंच झालं. मी धुऊन ती बाकावर ठेवली आणि जेवायला गेलो. तेवढ्यात देवकीवहिनी आल्या. पट्टी काळी पडलेली पाहून त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं वाट लावली. त्या घरून चुलीची राख आणि काथ्या घेऊन आल्या आणि समई घासतात तशी त्यांनी एक टोक घासलं. पितळ राखेनं सोन्यासारखं होतं. हे ॲल्युमिनियम आणखीच काजळलं. मी आलो तेव्हा त्या काळे हात पुढे धरून उभ्या होत्या.

“इतकी वर्सां देवळातल्या समया घासल्यो,” त्या म्हणाल्या. “ही पयलीच जी माझ्यावर उलटली.”

मी हसलो. त्याही हसल्या. विठू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग त्यांनी काळ्या बोटानं तो ओरखडा दाखवला. राखेचं पाणी त्यात शिरलं होतं आणि तो एखाद्या रेघेसारखा उठून दिसत होता. परशुराम म्हणाला ते तुम्हांला पटतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की मला यातलं काय कळतं. त्या गेल्यावर मी कानस उचलली.

मी ते मुद्दाम केलं की काम म्हणून केलं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. खोल ओरखडा कानसल्याशिवाय पट्टी सपाट झाली नसती हे खरं. पण मी पुढच्या टोकापासून सुरुवात केली नाही. मागच्या टोकाला गोळा झालेला तो तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा मी सगळ्यात आधी घासला. पाच मिनिटांत तो गेला. माझ्याच पडवीत, भरदुपारी, चष्म्यावर बारीक पांढरी पूड बसली आणि मला खूप मोकळं वाटलं. ते मोकळं वाटणं मला अजून सगळ्यात जास्त टोचतं.

मग तीन दिवस पेपर. दोनशे वीस, चारशे, आठशे, पंधराशे. बादलीतलं पाणी राखाडी व्हायचं, बदलायचं, पुन्हा. हात पुढे-मागे, पुढे-मागे, एकाच रेषेत. चौथ्या दिवशी परशुरामनं बफ मारून, लॅकर लावून ती परत आणली तेव्हा तो म्हणाला की काका, तुम्ही पुस्तकांकडे गेलात ते बरं झालं, नाहीतर मला गिऱ्हाईक मिळालं नसतं. शनिवारी तिसऱ्या प्रहरी त्यानं ती वाचनालयासमोर उभ्या असलेल्या गाडीला बसवली आणि स्कूटरवरून डिचोलीला गेला. तीच जागा. वाचनालयासमोर गाडी लावायला दुसरी जागाच नाही.

पट्टी सुरेख झाली होती. देवकीवहिनींनी चहा आणला. आम्ही तिघं वाचनालयाच्या पायरीवर बसलो आणि गौरवीनं रविवारचा बेत सांगितला. सकाळी राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सगळ्यांदेखत केलेलं बोलणं. गावकर एकेक वाक्य म्हणतो, जमलेले सगळे त्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. शाणूबाब गावकरांशी तिचं बोलणं झालं होतं. बाबांच्या हातून जे घडलं त्याची ती लेक म्हणून सगळ्यांसमोर माफी मागणार होती. मग या जत्रेपासून नगारा पुन्हा या गाडीतून नेऊ द्यावा, अशी विनंती करणार होती. तिनं काय बोलायचं ते एका कागदावर लिहून काढलं होतं. मी पुस्तकातला माणूस म्हणून तिनं तो मला दाखवला. शुद्धलेखन बघा म्हणाली.

‘माझे वडील विठू यांच्या चुकीमुळे’ अशी सुरुवात होती. शुद्धलेखन बरोबर होतं.

उद्या सकाळी हे वाक्य ती वाड्यासमोर वाचणार आणि पंधरा-वीस माणसं त्याला होकार देणार. विठूला आता उत्तर देता येत नाही. मी कागद तिला परत दिला नाही. मी म्हटलं की हे खोटं आहे, घुमटीचा दगड मी पाडला. आणि मग ती दुपार, किल्ली, सावली, रुमाल, सगळं जमेल तसं सांगितलं. मला वाटतं मी फार पुटपुटत सांगितलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग देवकीवहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या चक्क हसल्या. मायेनं हसल्या.

“कृष्णनाथबाब, तुमका सायकल चढावर ढकलूक लागता. तुम्ही गाडी खंयची चलवतलात?”

गौरवी म्हणाली की काका, बाबांचं नाव राहावं म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय, हे मला कळतंय. असा मित्र बाबांना होता. ती वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली. मी पाय ओढून घेतले.

मी खरं सांगितलं आणि त्याचा माझ्याच मोठेपणात हिशोब झाला. मी पट्टीकडे बोट दाखवलं. परशुराम म्हणाला होता ना, पुढे जाताना लागलं म्हणून. वहिनी उठून पट्टीजवळ गेल्या आणि त्या जागेवर हात फिरवला. तिथे काही नव्हतं. माझ्याच हातानं मी ते सपाट केलं होतं.

मी गौरवीकडे किल्ली मागितली. ती नको म्हणाली, मग देवकीवहिनींकडे पाहून दिली, आणि मी काहीतरी करून बसेन या भीतीनं स्वतः शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी बहात्तर वर्षांचा आहे. एकोणीस वर्षांत मी त्या सीटवर बसलो नव्हतो. किल्ली फिरवली. गाडी थरथरली. डावा पाय दाबला, पहिला गिअर टाकला, आणि पाय सोडताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, जसं त्या दोन रविवारी दर वेळी म्हणायला लागायचं:

“हातात पेटलेली दिवली आहे. वारा लागू नये, तसा सोड.”

गाडी हलली. घुमटी डाव्या बाजूला आली, मी या वेळी आरशात पाहिलं, हातभर अंतर ठेवून पुढे गेलो आणि फणसाच्या सावलीत थांबलो. इंजिन धक्का देऊन बंद पडलं. थांबवायचं कसं ते तेव्हाही मला नीट येत नव्हतं.

गौरवी समोर काचेतून पाहत होती. तिला विठूनंच गाडी शिकवली होती. आणखी कुणाला त्यानं शिकवलेली नाही, म्हणजे तिला तसं माहीत होतं.

“दिवलीचं तुम्हांला कोणी सांगितलं?” तिनं विचारलं.

उत्तर तिला नको होतं. ती खाली उतरली, आईजवळ गेली आणि हलक्या आवाजात काही बोलली. देवकीवहिनी पायरीवर होत्या, हातात ट्रे होता. मी गाडीतून उतरून चालत परत आलो, तीस पावलं.

“अठरा वर्सां,” त्या म्हणाल्या, “हे तुमच्यावांगडा च्या पियत होते.”

एवढंच. माझा कप अर्धा भरलेला होता. त्यांनी तो उचलला, उरलेला चहा मातीत ओतला आणि तिन्ही कप घेऊन घराकडे गेल्या. गौरवीनं माझ्याकडून तो कागद घेतला, चार तुकडे केले आणि जाता जाता म्हणाली की उद्या मी काही बोलणार नाही, काय ते तुम्ही बोला.

रविवारी सकाळी वीसेक माणसं जमली. शाणूबाब ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना बेत बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घुमटीसमोर नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा राखणदारा, बारा-पाचाच्या मानकऱ्या, तुझ्या पायाकडे आज तुझी लेकरां उभी आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“एकुणीस वर्सांमागे आमच्या विठूच्या हातून तुझी दिवली फुटली…”

होकार यायच्या आत मी ‘विठूच्या हातून नाही’ असं म्हटलं. बाजूच्या दोघांनीच ते ऐकलं, बाकीच्यांनी होकार देऊन टाकला. मी पुन्हा म्हटलं. शाणूबाब थांबले. मागून कुणीतरी म्हणालं की ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. मग मी तिसऱ्यांदा म्हटलं, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून, की गाडी मी चालवली, दिवली मी फोडली, विठूला ठाऊक नव्हतं आणि मी त्याला सांगितलं नाही.

कावळा ओरडत होता. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. निलेश, ज्याच्या टेंपोतून इतकी वर्षं नगारा जात होता, तो पायानं माती उकरत होता. देवकीवहिनी गाडीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

शाणूबाबांनी मला काही विचारलं नाही. मी या वाड्यातलाच आहे, त्यांनी मला लहान असल्यापासून पाहिलंय. ते पुन्हा घुमटीकडे वळले आणि वाक्य पहिल्यापासून म्हणाले, जसं चुकलेल्या मुलानं श्लोक पुन्हा म्हणावा.

“एकुणीस वर्सांमागे आमच्या कृष्णनाथाच्या हातून तुझी दिवली फुटली, आणि ती त्यानं लपवली.”

“व्हय म्हाराजा,” वीस जण एकदम म्हणाले.

“त्याचा दोष आमच्या विठून आपल्या माथ्यार घेतलो.”

“व्हय म्हाराजा.”

“त्या विठूचो मान त्याच्या घराक परत मेळूं दे. आणि ह्या लेकराची चूक पदरात घे.”

“व्हय म्हाराजा.”

पहिल्या दोन होकारांत देवकीवहिनींचा आवाज मी स्पष्ट ओळखला. तिसऱ्यात मी कान देऊन ऐकत होतो. तो होता की नव्हता, मला खरंच सांगता येत नाही.

जत्रेला नगारा विठूच्या पिकअपमधून गेला. गौरवी चालवत होती, अगदी बापासारखी हळू. गाडी वाचनालयापुढून गेली तेव्हा डाव्या पट्टीवर ऊन पडलं. लोक सुंदर दिसते म्हणाले. मी कानसलं तिथे ती किंचित पातळ झाली आहे, उजेड त्या हातभर जागेत जरा आत वाकतो. ज्याला माहीत आहे त्यालाच ते दिसतं. मी पालखीच्या मागे, अगदी शेवटी, हात जोडून चाललो. या वेळी माझ्या बरोबर कुणी नव्हतं.

कुंपणापलीकडे चारच्या सुमारास कपबश्यांचा आवाज येतो. मी पडवीतच बसून असतो, बोलावणं आलं तर ऐकू यावं म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. अजून आलेलं नाही.